गोल पात्याचा कटर: आठ महिने आणि बावीस पिशव्यांनंतर

कटर म्हणजे दांड्याला बसवलेलं फिरतं गोल पातं आणि मॅट म्हणजे टेबल कापलं जाऊ नये म्हणून कापडाखाली घालायची चटई, याहून जास्त शिवणाऱ्या बायकांना सांगायची गरज नाही. त्यामुळे थेट विक्रेत्याशी झालेल्या भांडणावर येते.

४५ मिमी व्यासाच्या पात्याचा कटर मी ६५० रुपयांना मागवला. घरात सासूबाईंची लोखंडी कात्री अजून ठणठणीत असताना हा खर्च मला टोचतच होता. पण पहिले दोन महिने नुसतं कौतुक. खणाचं कापड कात्रीला दाद देत नाही. सरकतं, कडेचे धागे सुटतात. इथे मोजपट्टी दाबून धरली, कटर फिरवला, की काम झालं. पिशव्यांचे बंद कापण्यात माझी अख्खी दुपार जायची, ते चहा उकळेपर्यंत उरकू लागलं.

तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू झाली. कापलेली पट्टी उचलावी तर मध्येच एखादा धागा मागच्या कापडाला चिकटलेला. जरा ओढला की खणात आरपार रेघ! काठाजवळचा चांगला तुकडा त्यात गेला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, पातं वापरून बोथट होतंच." अहो, बोथट असतं तर कुठेच नीट कापलं नसतं ना! चार दिवस वाद घातला आणि एक स्टार देऊन मोकळी झाले.

पण डोक्यातून जाईना. एका रात्री टेप घेऊन बसले. न कापलेला धागा दर साडेपाच इंचांवर, किंचित जास्तच. चार पट्ट्या मोजल्या, तेच. लेकाला दाखवलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, ४५ ला ३.१४ ने गुण." १४१ मिमी. म्हणजे साडेपाच इंच आणि वर थोडं. पात्याचा बरोबर एक फेरा! पातं बोथट नव्हतंच, त्याला एकाच जागी खाच पडली होती. आणि ती पाडली मीच. कागदाचा नमुना टाचण्यांनी लावून त्याच्या कडेने कटर फिरवायची सवय. एकदा पातं टाचणीवरून जाऊन 'कर्र' झालं होतं, ते मी सोयीस्करपणे विसरले होते.

एकाचे चार स्टार केले. पाचवा देणार नाही. विक्रेता 'बोथट' म्हणाला होता आणि ते चूकच होतं.

नवीन पातं १४० रुपयांना पडलं. तेव्हापासून कापताना नमुन्यावर वजन ठेवते आणि शिवताना क्लिपा लावते. क्लिपांचे पैसे वाचवायला आधी ऑफिसातल्या काळ्या क्लिपा लावून पाहिल्या, तर रेक्झिनवर दाताचे वळ उमटले. टाचणीचं भोक तर रेक्झिनमध्ये बुजतच नाही. शेवटी प्लास्टिकच्या घेतल्या.

सुईबद्दल एवढंच: चार पदर आले की १४ नंबरचा हट्ट सोडा, १६ची जाड सुई लावा.

या सगळ्यात खरी वसूल झालेली वस्तू म्हणजे तुळशीबागेतून २० रुपयांना घेतलेली टाके उसवायची दुटोकी. इतकी वर्षं मी दाढीच्या अर्ध्या पात्याने उसवायचे आणि बोटं कापून घ्यायचे. तिच्या एका टोकाला लाल गोळी असते, ती मला शोभेची वाटायची. गोळी खालच्या बाजूला ठेवून शिवणीतून सरकवा, टोक कापडात घुसत नाही. माझी आवडती निळ्या खणाची पिशवी, जी रोज भाजीला जाते, तिचं अस्तर मी अशीच दोनदा उसवून पुन्हा लावलंय. एकदा तर ते चक्क उलटं शिवलं होतं.

जुनं पातं टाकलेलं नाही. वर्तमानपत्राचे नमुने कापायला ठेवलंय. कागदसुद्धा दर साडेपाच इंचांवर चिकटून राहतोच, पण तिथे हाताने फाडता येतो.