प्लॉट घेण्यापूर्वीची पूरपातळी तपासणी : सांगलीतील एका सेवेचा अनुभव

सांगलीत जागा घेणारा माणूस सातबारा पाहतो, मोजणी नकाशा पाहतो, एनएचा आदेश आणि झोन दाखला वकिलाकडून तपासून घेतो. ती जमीन पुराच्या पाण्यापेक्षा किती उंच आहे हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शेजाऱ्यांना विचारून संपवतो. आम्हीही पूर्वी तसेच केले होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती चौकाजवळच्या आमच्या घरात खिडक्यांच्या वर पाणी गेले आणि 2021 च्या जुलैमध्ये, भिंतींचा नवा गिलावा पुरता जुनाही झाला नव्हता तेव्हा, ते पुन्हा आले. त्यानंतर दुसरीकडे जागा घ्यायचे ठरले, तेव्हा शहरातील एका खासगी सर्वेक्षण कार्यालयाकडून प्लॉटची पूरपातळी तपासून घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. कामात काही उणिवा राहिल्या आहेत आणि त्या मी पुढे सांगणार असल्यामुळे कार्यालयाचे नाव देत नाही. अशी सेवा कोणाकडूनही घेताना काय मागावे, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्लॉट शंभरफुटी रस्त्याच्या दक्षिणेकडील एका ले-आऊटमधला, तीन गुंठ्यांचा. मध्यस्थाने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या : जागा निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या दोन पूररेषांपैकी काठाजवळच्या रेषेच्या, बाहेर आहे आणि 2019 ला येथे पाणी नव्हते. पहिली गोष्ट कागदावर खरी होती. दुसरी खोटी होती, आणि ते सिद्ध करायला तपासनिसांना अर्धा तास पुरला. त्यांनी यंत्र मांडण्याआधी शेजारची तीन घरे फिरून पाहिली. एका घराच्या मागच्या, रंग न दिलेल्या भिंतीवर गाळाची रेघ अजून स्पष्ट होती. तिथल्या आजींनी स्वतःहून सांगितले, “बाळा, तुळशीच्या कट्ट्यावरनं पाणी गेलं होतं, आठ दिवस आम्ही शाळेत होतो.” तपासनिसांनी ती रेघ आणि तुळशीचा कट्टा दोन्ही मोजून घेतले, आणि आजींचे म्हणणे अहवालात जसेच्या तसे नोंदवले. या एका गोष्टीसाठी मी या कार्यालयाला मनापासून गुण देतो, कारण पुराची सर्वांत अचूक नोंद अशाच भिंतींवर असते आणि ती रंगाच्या एका हाताने नाहीशी होते.

नंतर ऑटो लेव्हल या उंची मोजण्याच्या यंत्राने प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची, समोरच्या रस्त्याची आणि गटाराच्या तळाची उंची घेतली गेली आणि ती जवळच्या सरकारी तलचिन्हाशी, म्हणजे उंची नोंदवलेल्या पक्क्या खुणेशी, जोडली गेली. निष्कर्ष असा निघाला की मूळ जमीन 2019 च्या रेघेच्या 4 फूट 2 इंच खाली आहे आणि सध्या दिसते ती जमीन म्हणजे विकण्यापूर्वी टाकलेला अडीच फुटांचा मुरमाचा भराव आहे. म्हणजे भरावावर उभे राहिले तरी 2019 चे पाणी गुडघ्याला लागते.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग नियमांविषयीचा आहे. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, म्हणजे लोक जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यानुसार, नदीचा काठ आणि निळी रेषा यांमधील पट्टा प्रतिबंधित असतो. तेथे बाग, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी अशा वापरांखेरीज नवे बांधकाम करता येत नाही. निळी आणि लाल रेषा यांमधला पट्टा नियंत्रित असतो आणि तेथे बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीवर असेल तरच परवानगी मिळू शकते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, हे अनेकांना ठाऊक असते. त्याचा अर्थ मात्र चुकीचा घेतला जातो. एकदा पूर येऊन गेला की आता 100 वर्षे निश्चिंत, असे त्यात कुठेही नाही. लाल रेषेइतका पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का असते, आणि 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. हे गणित अहवालात चार ओळींत मांडले होते आणि आमच्या घरातील चर्चा त्या चार ओळींनी बदलली.

आमचा प्लॉट दोन रेषांच्या मधोमध निघाला. “निळ्या रेषेच्या बाहेर” हे वाक्य खरे असूनही त्याने किती मोठी गोष्ट झाकली होती, हे तेव्हा लक्षात आले. त्या ठिकाणी लाल रेषेची पातळी 2019 च्या रेघेपेक्षा 7 इंच खाली आहे. नियमाप्रमाणे त्यावर दीड फूट चढून जोते घेतले, तर घराची फरशी 2019 च्या पाण्यापेक्षा फक्त 11 इंच वर राहते. नियम पाळला जातो, परवानगी मिळते, आणि तरीही 2019 पेक्षा एक फूट जास्त पाणी आले तर ते घरात येते. मी यात नियमाला दोष देत नाही. नियमाने किमान मर्यादा ठरवली आहे आणि ती पाळली गेली असती तर सांगलीतील कितीतरी घरे वाचली असती. पण किमान मर्यादा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे घर बांधणाऱ्याला कोणीतरी आकड्यांत सांगायला हवे. या सेवेने ते सांगितले.

आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून केली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची पाणीपातळी सांगलीकराला तोंडपाठ असते : 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, 2005 मध्ये 53 फुटांच्या पुढे, 2019 मध्ये 57 च्या पुढे, 2021 मध्ये 54 च्या पुढे. पुलावर अमुक फूट पाणी असताना या प्लॉटच्या समोरच्या रस्त्यावर पाणी येऊ लागते, असा एक अंदाजी आकडा अहवालाच्या शेवटी दिला आहे. त्याला मर्यादा आहेत, कारण हरिपूरच्या संगमावर वारणा भरून असेल तर कृष्णेचे पाणी तुंबते, फुगवटा मागे सरकतो आणि नाल्यांतून पाणी शहरात उलटे शिरते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगेचेही तसेच. तरीही असा आकडा हाती असणे म्हणजे सामान वर कधी न्यायचे आणि आईला बहिणीकडे कधी पोहोचवायचे, हे वेळेत ठरवता येणे होय.

आता उणिवा. दहा दिवसांत मिळायचा अहवाल तेवीस दिवसांनी मिळाला आणि त्यामुळे इसाराची मुदत वाढवून घ्यावी लागली. तक्ते पूर्णपणे इंग्रजीत होते. साडेसात हजार रुपये घेणाऱ्या कार्यालयाने एक पान मराठीत द्यायला हरकत नव्हती. या दोन्ही गोष्टी मी सोडून देईन. तिसरी सोडता येत नाही. जुन्या गाव नकाशावर या ले-आऊटच्या कडेने एक ओत, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा नैसर्गिक प्रवाह, जाताना दिसतो, आज तेथे रस्ता आणि दोन घरे आहेत, आणि अहवालात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. नदीचा पूर दहा-बारा वर्षांनी येत असेल, पण ओत बुजवलेल्या जागी काळ्या मातीत साचणारे पावसाचे पाणी दरवर्षी येते. विचारल्यावर “ते आमच्या कामाच्या व्याप्तीत नाही” असे उत्तर मिळाले. व्याप्तीत नसेल तर ती व्याप्ती बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरावाच्या परिणामांबद्दलही अहवाल गप्प आहे. “आणखी साडेतीन फूट भराव करून जोते घ्यावे” एवढीच शिफारस त्यात होती. मी स्वतः हिशेब केला. तीन गुंठे म्हणजे 3,267 चौरस फूट. त्यावर आधीच टाकलेल्या अडीच फूट भरावाने सुमारे 2 लाख 31 हजार लिटर पाण्याची जागा व्यापली आहे. त्या आजींच्या तुळशीकट्ट्यावरून गेलेल्या पाण्यात आमच्या आणि आमच्यासारख्या चाळीस प्लॉटांच्या भरावाने ढकललेले पाणी किती मिसळणार, हा प्रश्न तांत्रिक अहवालात यायला हवा होता. खांबांवर घर उचलून खाली पार्किंग मोकळे ठेवले तर उंचीची अट पाळली जाते आणि पाण्याची जागाही बरीच शिल्लक राहते. हा पर्याय मला दुसऱ्या एका अभियंत्याने सांगितला. ज्यांना पैसे दिले त्यांनी सांगायला हवा होता.

आम्ही तो प्लॉट घेतला नाही. इसाराचे पैसे परत मिळायला दोन महिने लागले, पण मिळाले, आणि ते मिळण्यात या अहवालातील गाळाच्या रेघेच्या छायाचित्राचा मोठा वाटा होता. उणिवा धरूनही ही सेवा घेण्यासारखी आहे, असे मी सांगेन. विशेषतः गुंठेवारीतील किंवा नव्या ले-आऊटमधील जागा पाहणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. काम देताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मूळ जमिनीची आणि भरावाची उंची वेगवेगळी, लाल रेषेची त्या जागेवरील पातळी, आणि जुन्या गाव नकाशावरील ओढे, नाले व ओत. तपासणी एप्रिल-मेमध्ये करून घ्यावी. जूननंतर काळ्या मातीत यंत्राची तिवई स्थिर राहत नाही, आणि दिवाळी जवळ आली की लोक भिंती रंगवायला काढतात.