चौदा किल्ल्यांचा जुडगा: पाचक एन्झाइम आठ महिने घेतल्यानंतर

आधीच सांगून टाकते. आठ महिन्यांत मी तीन प्रकारची एन्झाइम, म्हणजे अन्नाचे तुकडे करणारी प्रथिनं, घेतली. पहिली बाटली जवळजवळ वाया गेली, दुसरी आता कायम पर्समध्ये असते आणि तिसरी लागेल तशी काढते. तिन्हींच्या जाहिरातीत मात्र एकच वाक्य होतं: अन्न सहज पचतं, पोट हलकं राहतं.

माझी तक्रार साधीच, पण चिवट. जेवून तास-दीड तास झाला की पोट डब्ब व्हायचं. गुडगुड, वात, कमरेचं बटण सैल करणं आणि चारचौघांत अवघडून बसणं. जळजळ नव्हती, आंबट ढेकर नव्हते, वजन घटलं नव्हतं, झोपेतून उठावं लागत नव्हतं. सकाळी नीट बसणारे कपडे संध्याकाळी दुसऱ्या कुणाचे वाटायचे, इतकंच. "पचनशक्ती कमी झाली असेल" हे ओळखीच्या प्रत्येकाचं निदान, आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं.

म्हणून मल्टी-एन्झाइम कॅप्सूल आणली. लेबलवर चौदा नावं होती: अमायलेज, प्रोटीएज, लायपेज, लॅक्टेज, सेल्युलेज, ब्रोमेलेन, पपेन आणि पुढे बरीच. चौदा म्हणजे काहीच सुटणार नाही, असं वाटलं. दोन्ही जेवणांबरोबर एकेक कॅप्सूल घ्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फरक जाणवला. दुसऱ्यातही थोडा. तिसऱ्या आठवड्यात पोट पुन्हा होतं तसं.

गिळायला मोठी वाटते म्हणून एकदा ती कॅप्सूल उघडून पूड थेट जिभेवर टाकली. असं करू नका. प्रोटीएज, ब्रोमेलेन आणि पपेन ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम आहेत आणि तोंडाची आतली त्वचा काही वेगळ्या मातीची नाही. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ना, तेच, पण चांगलं दुपारपर्यंत.

धाकटी बहीण माझं हे सगळं बघत होती. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी म्हणाली, "ताई, तू औषध घेतेयस की नवस फेडतेयस? खरंच उपयोग होतो का, ते एकदा बघू तरी." तिनं दहा कॅप्सूल घेतल्या, पाच रिकाम्या करून त्यांत तांदळाचं पीठ भरलं आणि दहा दिवस दुपारच्या जेवणाला मला एकेक देत गेली. खरी कुठली, खोटी कुठली, ते तिच्या वहीत. मी फक्त संध्याकाळी अंदाज सांगायचा. दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग डॉक्टरांकडे गेले, जे खरं तर आधी करायला हवं होतं. बाटली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी लेबल वाचलं आणि विचारलं, "तुमच्या स्वादुपिंडाला काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग यातली बहुतेक एन्झाइम तुमच्याकडे भरपूर आहेत."

घरी येऊन वाचत बसले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. पिष्ट तोडायला लाळेतच अमायलेज असतं. जठरात प्रथिनांसाठी पेप्सिन, तेही अशा आम्लात काम करणारं की ज्यात इतर बरीच एन्झाइम निकामी होतात. मुख्य कारखाना स्वादुपिंडाचा. तो रोज साधारण दीड लिटर रस लहान आतड्यात सोडतो. त्यात पिष्ट, प्रथिनं आणि चरबी तिन्हींसाठी एन्झाइम असतात, शिवाय जठरातून आलेलं आम्ल शमवायला बायकार्बोनेट. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन तर तो निष्क्रिय रूपात पाठवतो, आतड्यात पोचल्यावरच ते जागं होतं. नाहीतर स्वादुपिंड स्वतःलाच पचवून बसेल! आणि या कारखान्याची राखीव क्षमता अफाट आहे. चरबी तोडणाऱ्या लायपेजचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांपर्यंत घसरतं तेव्हा कुठे न पचलेली चरबी शौचातून ठळकपणे जायला लागते. म्हणजे शंभर कामगार असलेल्या ठिकाणी मी रोज दोन हंगामी माणसं पाठवत होते.

ज्यांचं स्वादुपिंड खरंच थकलेलं असतं, जुनाट दाह किंवा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारामुळे, त्यांना डॉक्टर जी एन्झाइम देतात ती वेगळीच. मुख्य जेवणाबरोबर सुरुवातीला २५,००० ते ५०,००० युनिट लायपेज, तेही आम्लात न विरघळणारं आवरण चढवून, कारण उघडं लायपेज जठरातच मरतं. माझ्या बाटलीवर लायपेजचे फक्त मिलिग्रॅम होते. मिलिग्रॅमवरून पावडर किती ते कळतं, ती काम किती करते ते कळत नाही. एन्झाइमची ताकद युनिटमध्ये मोजतात. ज्या लेबलवर युनिट नाहीत ती बाटली मी आता हातात घेत नाही.

माझी शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या आणखी एका एन्झाइमची, तपासणी झाली. आकडा प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर स्वादुपिंडावर शंका घेतात. माझा बराच वर होता. गव्हाच्या सीलिअ‍ॅक आजाराची (त्यात गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला सोसत नाही) रक्ततपासणीही नकारात्मक आली. मग त्यांनी दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायला सांगितले. पाचव्या दिवशी पोट सपाट! नंतर श्वासाची चाचणी झाली: लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, पाणी प्यायचं आणि ठरावीक वेळाने नळीत फुंकायचं. श्वासातला हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएम (दहा लाख भागांत वीस) किंवा जास्त वाढला की लॅक्टोज पचत नाही असं धरतात. माझा आलेख बघून तिथली नर्स नुसती हसली.

हायड्रोजन श्वासात येतो कुठून, हा मला या सगळ्यातला सर्वांत गमतीचा भाग वाटला. लॅक्टोज ही दोन साखरांची जोडी. ती तोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरावर असतं. ते कमी पडलं की जोडी तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथल्या जिवाणूंची मेजवानी होते, वायू तयार होतो, त्यातला काही रक्तात शिरतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. शिवाय न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे गुडगुड आणि धावपळ. आणि हा आजारही म्हणता येत नाही. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांचं लॅक्टेज लहानपणानंतर कमी झालेलं असतं. मोठेपणीही दूध पचणं हाच खरा अपवाद.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली एन्झाइम आणि त्याचा पदार्थ यांना किल्ली आणि कुलपाची उपमा दिली होती. त्याच वर्षी जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी बुरशीपासून काढलेल्या पिष्टपाचक एन्झाइमचं अमेरिकेत पेटंट घेतलं आणि ते पचनाचं औषध म्हणून विकलं गेलं. आजही कॅप्सूलमधली बरीच एन्झाइम ॲस्परजिलस बुरशीपासूनच येतात. ताकामिनेंची बाटली मी आणली होती, फिशरची उपमा मात्र कुणी सांगितली नव्हती. माझं एकच दार बंद होतं आणि मी चौदा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत उभी होते. त्या जुडग्यात लॅक्टेजची किल्लीही होती की, असं कुणी म्हणेल. होती, पण युनिटविना, नावापुरती.

तर दुसरी बाटली: नुसतं लॅक्टेज, एका कॅप्सूलमध्ये ९,००० एफसीसी युनिट (लॅक्टेजची ताकद मोजायचं माप). पहिल्याच दिवशी थंड दुधाचा मोठा पेला आणि कॅप्सूल. काही झालं नाही. "काही झालं नाही" हे वाक्य इतकं सुखाचं असू शकतं हे तेव्हा कळलं. बहिणीने पुन्हा तिचा खेळ मांडला, या वेळी दहापैकी नऊ अंदाज बरोबर आले. चुकलेल्या एका दिवशी कॅप्सूल खरी होती, पण मी जेवणात कांदा भरपूर खाल्ला होता. त्याबद्दल पुढे.

लॅक्टेज वापरताना काही गोष्टी ठेचा खाऊनच कळल्या. ते पहिल्या घोटाबरोबर घ्यायचं. जेवण संपल्यावर आठवण झाली तर गाडी गेलेली असते. गप्पा मारत आइस्क्रीम तासभर चाललं तर एक कॅप्सूल पुरत नाही, अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी लागते. एकदा शहाणपणा करून कॅप्सूल वाफाळत्या कॉफीत उघडून टाकली आणि व्हायचं ते झालं. एन्झाइम हे शेवटी प्रथिन आहे, उकळत्या कपात ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं आपला आकार गमावतं. आणि बाटली शेगडीजवळच्या कपाटात ठेवू नका. माझी लॅक्टेजची एक बाटली तिथे होती, उन्हाळा संपेपर्यंत ती निम्म्यानेच काम करतेय असं वाटायला लागलं. त्यानंतरची कोरड्या, गार जागी ठेवली आणि तक्रार गेली.

लॅक्टेजचे थेंबही मिळतात. दुधात घालून ते फ्रिजमध्ये दिवसभर ठेवायचं. ते दूध चक्क गोड लागतं, साखर न घालता, कारण सुटी झालेली ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज लॅक्टोजपेक्षा गोड असतात. मला नाही आवडलं. बहिणीला फार आवडलं, जिला याची काडीची गरज नाही.

शिवाय प्रत्येक वेळी कॅप्सूल लागतेच असंही नाही. दह्यातलं लॅक्टोज जिवाणूंनी थोडं आधीच खाल्लेलं असतं, मुरवलेल्या कडक चीजमध्ये तर नावालाच उरतं. एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना फारसा त्रास न होता चालतं. मला जेवणाबरोबर अर्धा कप चालतो, रिकाम्या पोटी नाही.

तिसरी बाटली अल्फा-गॅलॅक्टोसिडेजची, कडधान्यांसाठी. राजमा, हरभरा, वाटाणा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही, कुणाच्याही. त्यामुळे इथे बाहेरून घेण्याला अर्थ आहे. पहिल्या घासाबरोबर घेतलं तर वात बऱ्यापैकी कमी होतो, पूर्ण जात नाही. खरं सांगायचं तर कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देणं आणि ताज्या पाण्यात मऊ शिजवणं याने निम्मं काम होतं. घरी मी तेवढंच करते, बाटली बाहेर जेवायला जाताना.

कांदा, लसूण आणि गव्हातल्या फ्रुक्टनवर (साखरेच्या लांब साखळ्या) मात्र या दोन्ही बाटल्यांपैकी एकही चालत नाही. वेगळं कुलूप. म्हणून तो दहावा अंदाज चुकला होता. त्या दिवसांत कांदा कमी, एवढाच उपाय मला सापडलाय.

आणखी एक बदल मी याच काळात केला, त्याचं श्रेय बाटल्यांना देणं अन्यायाचं होईल. आधी मी दहा मिनिटांत जेवून उठायचे, आता वीस-पंचवीस लागतात. भराभर गिळताना हवा पोटात जाते आणि नीट न चावलेल्या घासात लाळ मिसळायला वेळच मिळत नाही. माझ्या वहीत ज्या दिवशी घाईचं जेवण, त्या दिवशी दूध नसतानाही "फुगलं" अशी नोंद दिसते.

"बाहेरून घेऊन शरीर आळशी होईल" असं मला तीन जणांनी ऐकवलं. लॅक्टेज कमी होतं ते जनुकांच्या हुकमाने. कॅप्सूलने ते परत वाढत नाही. ती त्या जेवणापुरती उसनी मदत, दुसऱ्या दिवशी खातं पुन्हा शून्यावर.

विचारून घ्यावं असे काही जण आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ब्रोमेलेनबद्दल डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी अकार्बोज घेणाऱ्यांनीही विचारावं, ते औषध पिष्ट तोडणारी एन्झाइम मुद्दाम अडवतं आणि तुम्ही वरून तीच ओतणार. पपई किंवा लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर पपेन नको, गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असेल तर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नको. सीलिअ‍ॅक असलेल्यांनी "ग्लुटेन पचवणारी" कॅप्सूल घेऊन गहू खाऊ नये. जळजळीसाठीही यांचा उपयोग नाही. आणि वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, किंवा ते फिकट, तेलकट, तरंगणारं आहे, रात्री पोटदुखीने जाग येते, यातलं काही असेल तर बाटली ठेवा बाजूला आणि आधी तपासून घ्या.

माझे गुण: मल्टी-एन्झाइमला पाचापैकी एक, तोही बहिणीच्या प्रयोगाला कामी आली म्हणून. अल्फा-गॅलॅक्टोसिडेजला तीन. लॅक्टेजला साडेचार. अर्धा गुण कापला कारण काल एका वाढदिवसाला केकवरचं क्रीम खाऊन झाल्यावर मला पर्स आठवली.