‘मेड इन इंग्लंड’चा ठसा आणि माझे साडेसहा हजार

आजोबांची राले सायकल 1952ची, इंग्लंडमध्ये बनलेली. इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये असताना त्यांनी घेतली होती. रामबागेतल्या घराच्या जिन्याखाली ती कित्येक वर्षं पडून होती. गेल्या दिवाळीत मी ती बाहेर काढली, तेव्हा क्रँक (पेडलचे दांडे), बी.बी.चे कप (क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ते आटेदार कप) आणि मागच्या चाकाचा हब गायब होते. कुणी काढून नेले कोण जाणे.

जुनी इंदूरच्या बाजूला जुन्या सामानाचा एक माणूस आहे. त्याच्याकडे गोणपाटाखाली, ग्रीसने माखलेलं सामान होतं: बगळे कापलेलं चेनव्हील (बगळा ही रालेची खूण), क्रँक, कप-एक्सल, थ्री-स्पीडचा, म्हणजे तीन गिअरचा हब. मी हब पुसला, तर स्टर्मी-आर्चर ही इंग्लिश कंपनी, एडब्ल्यू हे मॉडेल, आणि पुढे 52 व 6. म्हणजे 1952चा जून! काळजात लख्ख झालं. तो म्हणाला, “भिया, अपन को नहीं पता, पुराना लोहा है.” मला वाटलं, याला किंमतच कळत नाही. हा माझा लोभ, तो आधी कबूल करतो. साडेसात हजार सांगितले, साडेसहात घेतलं. पावती मागायची तर त्याला शंका येईल, म्हणून मागितलीही नाही.

घरी रॉकेलने धुतल्यावर क्रँकच्या आतल्या बाजूला ‘मेड इन इंग्लंड’ दिसलं. खूश झालो. पण अक्षरं एका ओळीत नव्हती, ‘एन’ तर जरा नाचत होता. नख फिरवलं तर कडा बोचल्या. कारखान्यात ठसा आधी मारतात, पॉलिश आणि मुलामा नंतर. म्हणून मुलामा अक्षरांच्या खोबणीतही उतरतो आणि कडा गोलसर होतात. इथे मुलामा फुटलेला होता, खोबणीत कोरं लोखंड चमकत होतं. शेजारी कानस मारलेली सपाट जागा होती. तिथे आधी काय लिहिलं होतं, ते देव जाणे! ग्रीस याचसाठी फासलं होतं, हे तेव्हा उमगलं.

कप घेऊन मिस्त्रीकडे गेलो. दीड फेरा गेला आणि अडकला. “दादा, जोर लावू का?” मी थांब म्हटलं, हे एक शहाणपण केलं. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला, रालेच्या मूळ कारखान्यात बनलेल्या सायकलीचे आटे इंचाला 26, बाकी बहुतेक इंग्लिश सायकलींचे 24. व्यास तोच, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. जबरदस्ती केली असती तर फ्रेमचेच आटे गेले असते. आटे मोजायची पट्टी खिशात ठेवा, फार महाग नसते. आणि उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

आता कुणी म्हणेल, 24चे आटे म्हणजे देशी माल. तसं मुळीच नाही, ते फक्त रालेचं नाही एवढंच कळतं. उलट ‘राले’ लिहिलेलं सगळंच नॉटिंगहॅमचं नसतं. आपल्याकडे आसनसोलला सेन-रालेचा कारखाना होता, आणि फिलिप्स, हर्क्युलिस या इंग्लिश नावांच्या सायकली मद्रासजवळच्या अंबत्तूरला बनायच्या. हे सामान वाईट नाही. मी स्वतः वापरलंय. पण त्याला इंग्लंडचा भाव देऊ नये.

हब मात्र अस्सल निघाला. उघडून पाहिला, आतलं सगळं शाबूत. त्या एका खऱ्या नगाच्या जोरावर बाकीचं विकलं गेलं.

परत गेलो. गडी शांतपणे चहा पीत होता. म्हणाला, “भिया, इंग्लंड का तो आपने ही बोला था. मैंने तो लोहा बेचा.” आणि खरंच, पहिल्या दिवसापासून तो शब्द माझ्याच तोंडी होता. क्रँक परत घेतो म्हणाला, पण भंगाराच्या भावात. मी नाही दिली.