एईएम, इनोव्हेट की स्पार्टन: वाइडबँड कुठला घ्यायचा आणि ग्राउंड कुठे द्यायचा

गाडीत स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट नाहीतर लिंक-हॅल्टेकसारखा स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, स्वतः ट्यून करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर) बसवलाय आणि आता वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर, घ्यायचाय, अशांसाठी हे लिहितोय. माझी जुनी एस्टीम आहे, १.३ लिटरची, कोल्हापुरातच असते, स्पीडुइनोवर चालते. तिच्यावर इनोव्हेट आहे आणि मित्रांच्या गाड्यांवर एईएम आणि स्पार्टन मीच बसवलेत, त्यामुळे तिन्हींच्या वायरी हातातून गेल्यात.

कंपनीतून येतो तो साधा ओटू सेन्सर नॅरोबँड असतो. लॅम्डा १ (पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा) च्या आजूबाजूला तो ०.१ वरून ०.९ व्होल्टवर झटकन उडी मारतो, म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, किती ते नाही. फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ चाललंय की ०.७८ हे त्याला कळतच नाही, आणि ट्यूनिंगमध्ये नेमकं तेच कळायला पाहिजे असतं. त्यामुळे वाइडबँड लागतो, यात वाद नाही.

आता गंमत अशी की या तिन्हींचे सध्याचे मॉडेल बघितले, म्हणजे एईएमचा एक्स-सिरीज गेज (डॅशवर आकडा दाखवणारा मीटर), इनोव्हेटचा एमटीएक्स-एल किंवा एलसी-२ आणि १४पॉइंट७ या कंपनीचा स्पार्टन, तर तिन्हींबरोबर बॉशचाच एलएसयू ४.९ सेन्सर चालतो. म्हणजे एक्झॉस्टच्या नळीत बसणारी वस्तू एकच, फरक आहे तो फक्त कंट्रोलरचा आणि तो ईसीयूशी कसा बोलतो त्याचा. सेकंडहँड घेत असाल तर मात्र आधी विचारा की सेन्सर ४.२ आहे का ४.९. जुना ४.२ तुलनेसाठी बाहेरची हवा वापरतो, ४.९ बारीकसा करंट सोडून स्वतःचा रेफरन्स आतच तयार करतो, त्यामुळे बाहेरच्या घाणीचा त्याला त्रास कमी. कनेक्टरही वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मी तरी आज ४.२ वाला कंट्रोलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही.

आणि हो, ४.९ च्या कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो, फॅक्टरीत त्या त्या सेन्सरप्रमाणे ट्रिम केलेला. सेन्सरकडून पाच वायरी येतात आणि कनेक्टर सहा पिनचा असतो, तो या रेझिस्टरमुळेच. वायर कमी पडली म्हणून कनेक्टर कापून जोडाजोड केली की त्या सेन्सरचं कॅलिब्रेशनच कापून टाकलं असं समजा. लांब पाहिजे असेल तर एक्स्टेन्शन हार्नेस घ्या. घेताना बॉशचा नंबर बघा, ० २५८ ०१७ ०२५, आणि तरीही ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्या कारण डुप्लिकेट माल बाजारात आहे.

एईएम एक्स-सिरीज. याला मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन लागत नाही, तो त्या कनेक्टरमधल्या रेझिस्टरवर विश्वास ठेवतो. गेज वाचायला छान. दोन मोठे प्लस पॉइंट आहेत, एक म्हणजे कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसातली डिजिटल लाइन) आउटपुट, ईसीयूला कॅन असेल तर दोन वायरीत आकडा थेट डिजिटल जातो आणि मग व्होल्टेज आणि ग्राउंडची (निगेटिव्हच्या वायरीची) भानगडच उरत नाही. दुसरं म्हणजे ॲनालॉग (आकडा व्होल्टेजच्या रूपात) वापरायचा असला तरी त्याला सिग्नलच्या ग्राउंडची वेगळी वायर आहे, ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जाते आणि सेन्सर तापवणाऱ्या हीटरचा जड करंट वेगळ्या वायरने जातो. रेंज ८.५ ते १८ एएफआर (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा, वजनाने), ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८.

इनोव्हेट. ० व्होल्टला ७.३५, ५ व्होल्टला २२.३९, म्हणजे रेंज सगळ्यात मोठी. दोन ॲनालॉग आउटपुट मिळतात, त्यातल्या एकावर नॅरोबँडची नक्कल करता येते. याला मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागतं, सेन्सर नळीतून काढून. काहींना हे कटकटीचं वाटतं, मला उलट ते आवडतं कारण सेन्सर जुना होत जातो तसं त्याचं वाचन सरकतं आणि हे कॅलिब्रेशन ते सरकणं भरून काढतं. फक्त हवा खरंच मोकळी पाहिजे, गॅरेजमध्ये शेजारी दुसरी गाडी चालू असताना केलं तर चुकीच्या हवेला बरोबर समजून बसेल, मी गाडी अंगणात ढकलत आणून सेन्सर वायरला लटकवून करतो. तोटा एकच पण मोठा, पॉवरचा आणि सिग्नलचा ग्राउंड एकाच काळ्या वायरीत.

स्पार्टन म्हणजे नुसता कंट्रोलर, गेज नाही, तिघात स्वस्त. ० व्होल्टला १०, ५ व्होल्टला २०, हिशोब सरळ. हीटरचा ग्राउंड वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा दिलाय, हे मला फार पटलं. लॅपटॉपवर लॉग बघूनच ट्यून करणार असाल तर गेजचे पैसे कशाला घालायचे?

आता हे बघा. सिग्नल वायरवर २ व्होल्ट आलेत. स्पार्टन म्हणेल १४, इनोव्हेट म्हणेल १३.३७, एईएम एक्स-सिरीज म्हणेल १२.०६. ट्यूनरस्टुडिओच्या (लॅपटॉपवरचं ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर) कॅलिब्रेशन मेनूत नाव चुकीचं निवडलं तर इंजिन एक सांगतंय आणि लॉग भलतंच दाखवतोय. एईएमच्या आधीच्या ३०-४११० गेजची लाइन पण १० ते २० वाली आहे, एक्स-सिरीजची नाही, त्यामुळे नुसतं एईएम लिहिलेलं बघून क्लिक करू नका, आकडे टाकून खात्री करा.

ग्राउंडवर जरा जास्त लिहितो कारण माझा एक महिना त्यातच गेला. सुरुवातीला इनोव्हेटची काळी वायर मी बॅटरीजवळ बॉडीवर, जिथे फॅन आणि हेडलाइटचा ग्राउंड होता, त्याच बोल्टला दिली होती. दिवसा सगळं ठीक. पन्हाळ्याहून रात्री उतरताना मित्र लॅपटॉप घेऊन शेजारी बसलेला, तो म्हणाला लॉगमध्ये १३.३ दिसतंय, आणि माझ्यासमोर गेजवर १२.९. मी लॉगवर विश्वास ठेवून फ्युएल वाढवत गेलो आणि आठवड्याने स्पार्क प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, बोटाने पुसली तर काजळी निघत होती. मग इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घेतला, एक प्रोब गेजच्या काळ्या वायरला, दुसरा स्पीडुइनोच्या सेन्सर ग्राउंडला. फॅन बंद असताना ४० मिलिव्होल्ट, फॅन आणि हेडलाइट दोन्ही चालू केल्यावर १३०. इनोव्हेटला एका व्होल्टला साधारण ३ एएफआर, म्हणजे ०.१३ व्होल्टला ०.३९, बरोबर तेवढाच फरक जेवढा लॉग आणि गेजमध्ये होता! माझ्या नशिबाने चूक लीन दाखवणारी होती म्हणून मी जास्त पेट्रोल घातलं. ग्राउंडमधला हा फरक उलट्या बाजूचा असता तर लॉग रिच दिसला असता, मी पेट्रोल कमी केलं असतं आणि लोडवर पिस्टन गेला असता.

उपाय एकच केला, काळी वायर सिलिंडर हेडवरच्या त्याच बोल्टला नेली जिथे ईसीयूचा ग्राउंड आहे, खालचा रंग आणि गंज घासून. फरक १० मिलिव्होल्टच्या खाली आला. पण लक्षात ठेवा, एकाच बोल्टला म्हणजे एकाच जागी, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडच्या पिनला हीटरवाली वायर जोडायची नाही, हीटर चालू-बंद होत एकदोन अँपिअर सहज ओढतो आणि मग थ्रॉटल, टेंपरेचर सगळेच सेन्सर नाचायला लागतात.

पॉवर इग्निशनवरून चालणाऱ्या रिलेतून, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालून. फ्युएल पंपाच्या रिलेबरोबर दिली तर अजून बरं, इंजिन बंद असताना उगाच हीटर तापत राहत नाही. गार इंजिन चालू झालं की नळीत पाणी साठतं, तापलेल्या सिरॅमिकवर ते उडालं की तडा जातो.

सेन्सर बसवायची जागा कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, इंजिनच्या एक्झॉस्ट पोर्टपासून किंवा टर्बोपासून दीड-दोन फूट अंतर. सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला पाहिजे म्हणजे पाणी त्यात थांबत नाही. बंग (नळीला वेल्ड करायची आट्यांची रिंग, सेन्सर हिच्यात बसतो) एम१८ गुणिले १.५ चा, मी उद्यमनगरात लेथवर स्टेनलेसचा करून घेतला, आणि वेल्डिंग करताना आत जुना खराब नॅरोबँड फिरवून ठेवला, त्याचा आटा तोच असतो, त्यामुळे बंगाचे आटे वाकडे झाले नाहीत. टॉर्क ४० ते ६० न्यूटन मीटर. सेन्सरच्या आधी नळी कुठे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन लीन दिसेल, आणि मिसफायर झाला तरी लीनच दिसेल, कारण सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो.

अजून एक, आपल्याकडे पंपावर आता ई२० आहे. शुद्ध पेट्रोलचं स्टॉइक (लॅम्डा १ चा एएफआर) १४.७, ई२० चं साधारण १३.५. पण गेज आतून लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, त्यामुळे ई२० वर सुद्धा लॅम्डा १ ला गेज १४.७ च म्हणेल. गोंधळ नको असेल तर गेज आणि लॉग दोन्ही लॅम्डावर ठेवा, माझं टार्गेट फुल थ्रॉटलला ०.८७ आहे, टर्बोवाले ०.८ च्या आसपास राहतात.

तर ईसीयूला कॅन असेल आणि बजेट असेल तर एईएम, डोळे झाकून. साधा स्पीडुइनो, लॅपटॉपवर काम आणि पैसे मोजके, तर स्पार्टन. डॅशवर गेज पाहिजे, सेन्सर बरीच वर्षं चालवायचाय आणि ग्राउंड नीट करायची तयारी आहे, तर इनोव्हेट. आज नव्याने घ्यायचा असता तर मी स्पार्टन घेतला असता, निव्वळ त्या दोन वेगळ्या ग्राउंडसाठी. आणि कुठलाही घ्या, बरोबर बंगाचा प्लग (भोक बंद करायचं बूच) पण मागवा, कारण ट्यूनिंग संपल्यावर कंट्रोलर काढला आणि सेन्सर नळीत तसाच पॉवरशिवाय ठेवला तर काजळी धरून तो खराब होतो, तो काढून प्लग लावून ठेवायचा.