प्रायव्हेट आय, डेली मॅश की न्यूजथम्प? ब्रिटिश वृत्तविडंबन कुठे वाचावं, कुणाकडून शिकावं

ब्रिटिश वृत्तविडंबनाची गोडी लागलेल्या माणसाच्या कानावर तीन नावं हमखास पडतात. 1961 पासून लंडनहून निघणारं ‘प्रायव्हेट आय’ हे छापील पाक्षिक, 2007 साली दोन पत्रकारांनी सुरू केलेलं ‘डेली मॅश’ हे संकेतस्थळ, आणि त्याच पठडीतलं ‘न्यूजथम्प’. तिन्हींत हसवण्यासाठी रचलेल्या खोट्या बातम्या असतात, म्हणून लोक तिन्हींना एकाच पंगतीत बसवतात. आमचा सल्ला वेगळा आहे: वाचायचं असेल तर आय, लिहायला शिकायचं असेल तर आधी मॅश. न्यूजथम्पची बाजू या दोघांपुढे लंगडी पडते, पण एका कामासाठी ते उपयोगी आहे.

आयची ताकद त्यातल्या खऱ्या बातम्यांत आहे. ‘स्ट्रीट ऑफ शेम’ या सदरात वर्तमानपत्रांची लबाडी, ‘रॉटन बरोज’मध्ये स्थानिक कौन्सिलांचा कारभार, ‘इन द बॅक’मध्ये लांब पल्ल्याचा शोध. पोस्ट ऑफिसच्या होरायझन या सदोष संगणकप्रणालीमुळे निरपराध पोस्टमास्तरांवर चोरीचे आळ आले, त्या प्रकरणाचा पाठपुरावा आयने 2011 पासून केला. टीव्हीवरच्या मालिकेमुळे ते घराघरांत पोचलं 2024 मध्ये. अशी पानं वाचून झाल्यावर पुढच्या पानावरचं विडंबन हवेतलं वाटत नाही. वाचकाच्या हाती पुरावा आधीच आलेला असतो, त्यामुळे विनोदाला काही सिद्ध करत बसावं लागत नाही. केवळ विनोद छापणाऱ्या संकेतस्थळाला हा आधार मिळू शकत नाही.

दुसरी गोष्ट साच्याच्या, म्हणजे विडंबन कुठल्या कागदाचं रूप घेणार याच्या, निवडीची, आणि इथे आयला तोड नाही. टोनी ब्लेअर पंतप्रधान असताना त्यांना सेंट अल्बियन नावाच्या चर्चचा पाद्री केलं आणि दर अंकात त्या चर्चचं वार्तापत्र छापलं. त्यांच्या जागी गॉर्डन ब्राउन आले तेव्हा सोव्हिएत थाटाची फर्मानं निघू लागली. मग पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि उपपंतप्रधान निक क्लेग यांचं संयुक्त सरकार आलं, त्याचं शाळेचं वार्तापत्र झालं. ब्लेअर यांचं प्रवचन, ब्राउन यांची सगळं मुठीत ठेवण्याची सवय, कॅमेरन यांचा हेडमास्तरी उत्साह: माणसाचा एक खरा स्वभावविशेष हेरायचा आणि तो ज्या कागदावर आपोआप उमटेल असा कागद शोधायचा. साचा अचूक सापडला की वर्षानुवर्षं पुरतो. चुकला की दर परिच्छेदात विनोद ओढूनताणून आणावा लागतो.

अतिशयोक्तीशिवाय विडंबन होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुलै 2013 चं आयचं मुखपृष्ठ बघावं. ब्रिटिश राजघराण्यात राजपुत्र जॉर्ज यांचा जन्म झाला होता आणि वर्तमानपत्रं पानंच्या पानं भरत होती. आयने जवळजवळ कोऱ्या मुखपृष्ठावर एवढंच छापलं: बाईला मूल झालं. त्यात एक अक्षर खोटं नाही. फुगवलेल्या बातमीतली हवा काढून घेतली, आणि हसू आलं ते बाकीच्या वर्तमानपत्रांचं. ही वजाबाकी ब्रिटिश वृत्तविडंबनाची सर्वांत उत्तम चाल आहे आणि नवखे लेखक ती क्वचितच वापरतात.

आयची अडचणही खरी आहे. नव्या वाचकाला पहिले काही अंक निम्मे कळत नाहीत. पात्रं जुनी, टोपणनावं जुनी. 1967 च्या सुमारास रूढ झालेला ‘थकलेले आणि भावनाविवश’ हा शब्दप्रयोग दारू प्यायलेल्या नेत्यासाठी वापरतात, हे माहीत नसेल तर ओळ वाया जाते. असे आडवळणाचे शब्द आले ते बदनामीच्या खटल्यांच्या धाकाने. 1989 साली एका खटल्यात ज्युरीने आयला 6 लाख पौंडांची नुकसानभरपाई द्यायला सांगितलं होतं. अपिलानंतर रक्कम 60 हजारांवर आली.

डेली मॅशमध्ये असली पूर्वतयारी लागत नाही. काही लोक त्याला ‘ओनियन’ या अमेरिकी वृत्तविडंबन-संकेतस्थळाची नक्कल म्हणतात, ते पटत नाही. ओनियन वृत्तसंस्थेचा कोरा सूर शेवटपर्यंत सोडत नाही. मॅश दुसऱ्या परिच्छेदातच पबमधल्या कुरकुरीवर उतरतं, शिव्यांसकट. त्याचं लक्ष्यही बहुतेक वेळा मंत्री नसून मध्यमवर्गीय माणसाची स्वतःपासून लपवलेली सवय असते. तज्ज्ञ हवा असला की ‘इन्स्टिट्यूट फॉर स्टडीज’चे प्राध्यापक हेन्री ब्रुबेकर हजर. संस्थेचं नावच पोकळ, त्यामुळे वर्तमानपत्रांतल्या ‘अभ्यासातून दिसून आले’ छापाच्या बातम्यांची आपोआप टर उडते.

शिकणाऱ्यासाठी मॅश बरं, कारण त्याची घडण उघडी दिसते. आम्ही रचलेला एक नमुना घ्या. मथळा: ‘उशिरा आलेल्या गाडीची प्रवाशाने मागितली माफी’. पहिलं वाक्य बातमीदाराचं: ‘रेडिंग येथील प्रवाशाने 40 मिनिटे उशिरा आलेल्या लंडन गाडीची, आपण फार लवकर आल्याबद्दल, क्षमा मागितली आहे.’ मग त्या माणसाचं म्हणणं: ‘गाडीच्याही काही अडचणी असतील, मी घाई करायला नको होती.’ शेवटी रेल्वेचा प्रवक्ता: ‘माफी विचाराधीन असून 28 कामकाजी दिवसांत उत्तर दिले जाईल.’ इथे प्रत्येक पायरीवर नवीन काही घडतं. मथळ्यात सवय, अवतरणात त्या सवयीचं समर्थन, आणि प्रवक्त्याच्या तोंडी सत्तेचा निर्लज्जपणा. हीच बातमी ‘रेल्वेचा पुन्हा बट्ट्याबोळ, प्रवासी हैराण’ अशी लिहिली तर ती नुसती तक्रार होते.

बिघडतं ते बहुधा तीन जागी. मथळ्यातच सगळा विनोद संपतो आणि खालचे 200 शब्द तेच घोळवतात. यावर उपाय म्हणजे अवतरण आधी लिहून बघणं, आणि त्यात नवं काही सुचलं नाही तर मथळा टाकून देणं. दुसरं, लेखक स्वतःचा राग विशेषणांतून सांगू लागतो. बातमीदाराला मत नसतं. ‘नालायक’ हा शब्द आला की वेषांतर गळून पडतं. तिसरं सर्वांत वाईट: रोख दुबळ्यावर जातो. बेकारभत्ता घेणाऱ्याची चेष्टा करणारी बातमी वाचून हसू येत नाही, कारण तिथे उघडं पाडण्यासारखं ढोंग नसतं. ते ढोंग भत्ता कापणाऱ्याकडे शोधावं.

न्यूजथम्पचा भर दिवसाच्या राजकारणावर आहे. सकाळच्या राजीनाम्यावर तिथे लगेच बातमी लागते, आणि ती आठवड्याभरात शिळीही होते. बाहेरच्या लेखकांचं लेखन घेण्याची रीत तिथे आहे, म्हणून हात आजमावण्यासाठी ती जागा चांगली. वाचनाचा मुख्य खुराक म्हणून ती पुरणार नाही.

इंग्लंड-वेल्सच्या वाचकांसाठी लिहिणार असाल तर 2013 चा बदनामी कायदा माहीत हवा. फिर्यादीला आता गंभीर हानी दाखवावी लागते आणि प्रामाणिक मताचा बचाव मिळतो. पण विनोदाच्या आडून एखादा खरा वाटेल असा आरोप केला तर ‘गंमत होती’ एवढं म्हणून सुटका नाही. खऱ्या नेत्याच्या तोंडी घालायचं ते वाक्य कुणालाही खरं वाटणार नाही इतकं उघड रचलेलं असावं. सामान्य माणसांची नावं मात्र कायम काल्पनिक ठेवावीत.

मॅश फुकट वाचता येतं. आय आपला मजकूर संकेतस्थळावर फारसा टाकत नाही, त्यामुळे वर्गणी भरावी लागते. भारतात बसून अंकाची वाट बघायची तयारी नसेल तर ‘पेज 94’ हा त्यांचा पॉडकास्ट आधी ऐकावा. अंक हाती आल्यावर थेट विनोदी पानांवर उडी मारू नये. आधी ‘स्ट्रीट ऑफ शेम’ वाचावं, त्यात कुठल्या वर्तमानपत्राने काय लपवलं ते बघावं, आणि मग त्याच वर्तमानपत्राची नक्कल मधल्या पानांत शोधावी.