‘पत्रा पातळ आहे, वेल्डिंग धरत नाही’ म्हणत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून दिली

कोथरूडमधल्या एका जुन्या हॅचबॅकचा दाराखालचा रनिंग बोर्ड गंजला होता. बिलावर लिहिलं, ‘सडका पत्रा कापून नवा, पूर्ण वेल्डिंग’. पैसेही तसेच घेतले. पावसाळ्यानंतर चाक बदलायला जॅक लावला तर तो आत घुसला आणि लांबीचा तळहाताएवढा पोपडा खाली आला. आत बारीक तारेची जाळी, वेल्डिंगचे दोन-चार टाके आणि टाक्यांशेजारी जळून पडलेली भोकं.

जाब विचारल्यावर गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: पत्रा पातळ, धरत नाही. साफ खोटं. पत्रा ०.७ ते १ मिमीचा असतो आणि तो उत्तम धरतो, मशीन योग्य हवं. साध्या आर्क मशीनवर २.५ मिमीच्या रॉडला ६०-७० अँपिअर तरी लागतात, तेवढ्यात हा पत्रा गळून पडतो. त्यात गंजकी कड कापलेली नसेल तर तिथे निम्मी जाडीही उरलेली नसते.

खरं काम असं होतं. मिग मशीन (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), ०.६ मिमी तार, आर्गॉन-सीओटू मिश्र गॅस, करंट ३० ते ५० अँपिअर. चकचकीत धातू लागेपर्यंत गंज कापायचा, तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवायचा, फट जाडीपेक्षा जास्त नको. मागे तांब्याची पट्टी धरली की ती उष्णता ओढून घेते आणि वेल्ड तिला चिकटत नाही. टाका सेकंदाभराचा. पुढचा शेजारी नाही, पलीकडच्या टोकाला. हात लावण्याइतकं गार झालं की मधल्या जागा भरायच्या. सलग ओढलं की पत्रा बाकतो किंवा भोक पडतं. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, कार्पेट काढायचं (हेही बरेच जण टाळतात). शेवटी टाके जास्त घासले तर पत्राच पातळ होतो.

गाडी घेताना कापडात गुंडाळलेला लोहचुंबक आधी चांगल्या जागी, मग दुरुस्तीवर फिरवा. लांबी दोन-तीन मिमीच्या वर असेल तर पकड लगेच ढिली लागते. खालचं काळं कोटिंग मारण्याआधीचे फोटो आणि कापलेला सडका पत्रा मागून घ्या, बाकी पैसे त्यानंतर.

आधीच फसला असाल तर निघालेले पोपडे आणि बिल जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.