नाणं परत पाठवलं, पैसे आलेच नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या नाण्यांच्या लिलावात माझे 42,000 रुपये गेले. नाणंही आज माझ्याकडे नाही. विक्रेत्याचं आणि त्या गटाचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे. पण घडलं कसं ते क्रमाने सांगते. लिलावात 'परतावा मिळेल' या दोन शब्दांवर विसंबून बोली लावणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत.

आमच्या अण्णांच्या अल्बममध्ये ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या रुपयांचं एक पान आहे. 1938 ते 1945 पर्यंतचे चांदीचे आणि शेवटी 1947 चा निकेलचा, वाघाचं चित्र असलेला. त्या पानावर एकच खण रिकामा होता, 1939 चा. जुन्या प्रमाणाच्या चांदीचा, म्हणजे 91.7 टक्के चांदीचा, तो शेवटचा रुपया. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आणली गेली. 1939 चा रुपया फारच थोडा हाती लागतो, म्हणून त्याला किंमत आहे. म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अण्णा नेहमी सांगत, "एकोणचाळीस कुणी स्वस्तात देत असेल तर आधी भिंग काढ." तरीही मी चुकले.

लिलाव शनिवारी रात्री 9 ते 10. विक्रेता फोटो टाकतो, सुरुवातीची किंमत सांगतो आणि त्या फोटोला उत्तर देत लोक आकडे टाकत जातात. गटाच्या नियमात ठळक लिहिलेलं होतं: 'नाणं अस्सल नसल्यास 7 दिवसांत पूर्ण परतावा.' बोली 15,000 पासून सुरू झाली. मला 30,000 च्या पुढे जायचं नव्हतं. पण दोघं जण मागे हटेनात. मी आकडा टाकला की मिनिटभरात त्यांच्यापैकी एकाचा हजाराने वाढीव आकडा यायचा. 42,000 ला दोघंही एकदम गप्प झाले आणि नाणं माझ्या नावावर पडलं.

या दोघांचं गौडबंगाल मला फार उशिरा कळलं. वाद सुरू झाल्यावर मी त्या गटाचं सगळं संभाषण फोनमधून काढून कागदावर घेतलं आणि रात्री बसून वाचलं. या विक्रेत्याच्या अकरा लिलावांत हे दोन्ही नंबर होते. ज्या तीन वेळा त्यांच्यापैकी कुणी 'जिंकलं', त्या तिन्ही वेळा तेच नाणं, तोच काठावरचा ओरखडा, काही आठवड्यांनी पुन्हा लिलावात आलं होतं. विक्रेत्यानेच खोट्या बोली लावून किंमत चढवली असेल, तर खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 64 मध्ये ही तरतूद आहे. लिलावात भाग घेणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल? मला तर वकिलांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

पैसे 24 तासांच्या आत मागितले. यूपीआयचा नंबर विक्रेत्याच्या नावाचा नव्हता. "मिसेसचं खातं आहे ताई, काळजी करू नका," असं त्याने लिहिलं. मी पाठवले. पाचव्या दिवशी स्पीड पोस्टाने पाकीट आलं. व्हिडिओ न काढताच मी ते फोडलं आणि आनंदाच्या भरात गटात लिहिलं, 'मिळालं. सुंदर नाणं आहे. धन्यवाद दादा.' हे एक वाक्य पुढे त्याने माझ्याविरुद्ध किमान चार ठिकाणी दाखवलं.

घरी मी सगळं तपासलं. वजन 11.65 ग्रॅम, म्हणजे मूळच्या 11.66 च्या अगदी जवळ. व्यास बरोबर, कड दातेरी. पाण्यात बुडवून वजन घेतलं, तेव्हा घनता 10.3 च्या आसपास आली, म्हणजे चांदीही जुन्या प्रमाणाचीच. 50 टक्क्यांचा रुपया असता तर हा आकडा साडेनऊच्या आसपास आला असता. मला वाटलं, आता शंकेला जागाच नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांचे एक जुने स्नेही घरी आले. सत्तरीच्या पुढचे आहेत, पण नजर अजून तयार. दहापट दाखवणारं भिंग त्यांनी तारखेवर धरलं, नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं केलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "शेवटचा आकडा बघ."

नऊच्या खालच्या डाव्या बाजूला बारीक समांतर रेघा होत्या. तेवढाच भाग आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल आणि उजळ दिसत होता. 1938 च्या रुपयातला आठ तिथे खरवडून नऊ केला होता. चांदी खरी, वजन खरं, कड खरी, नाणंही टांकसाळीतलंच. खोटा होता तो फक्त एका आकड्याचा एक वळसा. 1938 चा रुपया कुठल्याही नाणेवाल्याकडे मिळतो. चांदीच्या भावाहून थोडं जास्त दिलं की झालं. म्हणून ज्यांना हा रुपया घ्यायचा आहे त्यांनी वजनकाटा आणि लोहचुंबक यांच्यावर अजिबात थांबू नये. या नकलेत त्या सगळ्या परीक्षा पास होतात.

मी त्याच संध्याकाळी विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, "ताई, 7 दिवस संपले." लिलाव शनिवारी, आज आठवा दिवस. नाणं माझ्या हाती येऊन तीनच दिवस झाले होते, पण नियमात 'कधीपासून 7 दिवस' ते लिहिलंच नव्हतं. गटाच्या अ‍ॅडमिनना मध्ये घातलं. त्यांनी विक्रेत्याशी बोलून निरोप दिला: "मॅडम, तुम्ही नाणं परत पाठवा. ते तपासतील आणि पैसे देतील." मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नाणं पाकिटात घालून पोस्टात दिलं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पाठवण्याआधी मी दोनच फोटो काढले होते, दोन्ही मोबाइलने, एक राजाच्या चेहऱ्याचा आणि एक मागच्या बाजूचा, तोही हलल्यामुळे अंधुक. पाकीट बंद करताना व्हिडिओ नाही. भिंगातून तारखेचा फोटो नाही.

सहा दिवस विक्रेता गप्प होता. सातव्या दिवशी त्याने गटात सगळ्यांसमोर लिहिलं: "हे माझं नाणं नाही. मी अस्सल पाठवलं होतं, ताईंनी बदलून नकली परत केलं." सोबत दोन फोटो जोडले होते. एक लिलावाच्या वेळचा, ज्यात तारखेवर उजेडाचा ठिपका पडला होता. दुसरा मी परत पाठवलेल्या नाण्याचा, जवळून घेतलेला, खरवडलेला आकडा स्वच्छ दाखवणारा. ज्या गटात मी चार वर्षं होते तिथे कुणी अंगठा खाली केला, कुणी 'लोक कसे असतात' असं लिहिलं. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं.

रागाच्या भरातही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परत आलेलं नाणं बदललेलं निघालं, अशी तक्रार प्रामाणिक विक्रेत्यांच्याही वाट्याला येते. नाशिकमध्येच दुकान असलेल्या एका नाणेवाल्यांनी मला सांगितलं की याच भीतीने ते ऑनलाइन परतावा देतच नाहीत, माणसाने दुकानात येऊन नाणं बघावं म्हणतात. म्हणजे नाणं कुणी बदललं, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी खराच आहे आणि त्याचं उत्तर फक्त फोटोंत असतं. प्रत्येक जुन्या नाण्यावर कडेच्या ठोक्यांची, ओरखड्यांची, काळसर डागांची एक खूण असते, ती दुसऱ्या नाण्यावर तशीच सापडत नाही. लिलावातला फोटो, पाकीट उघडताना आणि परत पाठवताना घेतलेला फोटो, हे तिन्ही त्या खुणांसकट ताडून पाहता आले तर वादच उरत नाही. माझ्याकडे मधला फोटो नव्हता, शेवटचा खुणा ताडण्याजोगा नव्हता आणि पहिला त्याच्या हातात होता.

त्यामुळे बोली लावण्याआधीच तारखेचा जवळून फोटो मागा. विक्रेता 'मोबाइल जुना आहे' म्हणाला तर पुढे जाऊ नका. परताव्याचे दिवस पार्सल हातात पडल्यापासून मोजायचे, हे लिहून घ्या. आणि वाद झालाच तर नाणं विक्रेत्याला थेट पाठवू नका. दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाकडे द्या किंवा समोरासमोर बसून व्यवहार उलटवा. ते जमणारच नसेल तर पाकीट बंद करण्यापासून पोस्टाच्या खिडकीपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

पूर्वी ईबे इंडियावर मी काही पोस्टाची तिकिटं घेतली होती. तिथे पैसापे नावाची सोय होती. खरेदीदाराचे पैसे मधे थांबवून ठेवत, माल पोचल्यावर ते विक्रेत्याला मिळत. ती साइट 2018 मध्ये बंद झाली आणि माझ्या ओळखीतले बरेच संग्राहक व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांत आले. इथे मधे कुणीच नाही. अ‍ॅडमिन नियम लिहितो, पण पैसे त्याच्या हातात नसतात. माझ्या वेळी तो शेवटी म्हणाला, "हे तुमच्या दोघांमधलं आहे."

1930 या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला, पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. पैसे खात्यातच अडवायचे तर पहिल्या काही तासांत फोन करावा लागतो. पोलीस ठाण्यात 'दिवाणी मामला' म्हणून परत पाठवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, माहिती नीट मिळाली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल केली.

विक्रेत्याने उत्तरात म्हटलं आहे की तो व्यापारी नाही, छंद म्हणून अधूनमधून नाणी विकतो. हा मुद्दा साधा नाही. ग्राहक म्हणून दाद मागायची तर समोरचा व्यापार करतो हे दाखवावं लागतं. म्हणून त्या अकरा लिलावांचे कागद, प्रत्येकातल्या वीस-पंचवीस नाण्यांची यादी, त्या दोन नंबरांच्या बोलींवर पिवळ्या खुणा, असं सगळं मी पुराव्यात जोडलं आहे. पुढची तारीख दीड महिन्यावर आहे.

परवाच्या शनिवारी त्याच गटात, त्याच विक्रेत्याने 1939 चा एक रुपया लिलावाला काढला. तारखेवर पुन्हा उजेडाचा ठिपका. मी एवढंच विचारलं, "तारखेचा जवळून फोटो टाकता का?" पाच मिनिटांत मला गटातून काढून टाकलं. तेव्हा बोली 22,000 वर होती, आणि लावणाऱ्यांत ते दोन्ही नंबर होते.